टपालपेटीवर तुमचं नाव : सांगली-मिरजेहून जर्मनीत नोकरीला निघालेल्यांसाठी

दर वर्षी फेब्रुवारीत, मार्केट यार्डात नवी हळद यायला लागते तेव्हा मी सुट्टीवर सांगलीला येते. बॅग पुरती उघडायच्या आत गावभागातल्या आमच्या घरी कुणी ना कुणी येतंच. कुणाची भाची मिरजेत नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असते, कुणाचा मुलगा वालचंदमधून इंजिनिअर होऊन पुण्यात दोन वर्षं घासून आलेला असतो. "ताई, जर्मनीचं काय ते सांगा की जरा." चहा होतो, भडंग होतं, आणि तेच प्रश्न, तीच उत्तरं. २०२४ च्या फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून विचारणारे फारच वाढलेत. मी त्याच राज्यात, स्टुटगार्टमध्ये, २०२१ पासून नर्स आहे. म्हणून एकदाच बसून लिहिते.

येणारा आधी पगार विचारतो, मग व्हिसा, मग जेवणाचं काय. टपालपेटीबद्दल आजवर कुणीही विचारलेलं नाही, आणि माझे पहिले दोन महिने तिच्यापायीच वाया गेले. जर्मनीत बस्तान बसायचं तर एकामागून एक कागद हाती पडावे लागतात. आधीचा आल्याशिवाय पुढचा येत नाही. त्यातले बहुतेक टपालानं येतात आणि पेटीवर चिकटवलेलं नाव बघून टाकले जातात. इकडं "गणपती मंदिरामागं, गिरणीच्या बोळात" एवढं लिहिलं तरी पत्र पोचतं, कारण पोस्टमनला आमच्या आजोबांचं नाव पाठ आहे. तिकडं घर क्रमांक बिनचूक असून भागत नाही. पेटीवर आडनाव नसेल तर पत्र आल्या वाटेनं परत.

निघण्याच्या सहा महिने आधी : नाव आणि कागद

पहिलं काम नावाचं. बारावीच्या गुणपत्रकावर आपलं आडनाव आधी येतं, मग स्वतःचं, मग वडिलांचं. आईचं नाव आणखी वेगळ्या रकान्यात. नर्सिंग कौन्सिलच्या नोंदणीवर वडिलांच्या नावाचं नुसतं अक्षर असतं. पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं नाव एका ओळीत, आडनाव दुसऱ्या ओळीत. लग्न झालं असेल तर निम्मे कागद माहेरच्या नावाचे, निम्मे सासरचे. आपल्याला यात काही वावगं वाटत नाही. जर्मन कारकुनाला मात्र त्या चार वेगवेगळ्या बाया दिसतात.

तर सगळे कागद जमिनीवर पसरा आणि नावं ओळीनं वाचा. पासपोर्ट प्रमाण माना. स्पेलिंगचा फरक असेल तर बोर्डाकडून किंवा कौन्सिलकडून आत्ताच दुरुस्त करून घ्या, याला महिने लागतात. लग्नामुळे फरक असेल तर विवाह नोंदणीचा दाखला बाकीच्या कागदांबरोबर भाषांतराला द्या. नाव राजपत्रातून बदललं असेल तर राजपत्राचं ते पानही द्या. लग्न ठरतंय आणि जायचंही ठरतंय, अशा मुलींना माझा सल्ला की नाव बदलायचंच असेल तर पासपोर्टपासून सगळं एका दमात बदला, नाहीतर नर्सचा जर्मन परवाना मिळेपर्यंत हात लावू नका. अर्धवट बदललेलं नाव सगळ्यात वाईट.

कागदांच्या फायली दोन ठेवा आणि स्कॅन तीन ठिकाणी. २०१९ च्या ऑगस्टात आमच्या घरात कृष्णेचं पाणी छातीपर्यंत होतं. पंचवीस दिवस गुणपत्रकं दोरीवर वाळत घातली होती. शाई उतरलेल्या एका दाखल्याची दुसरी प्रत काढायला मला कोल्हापूर-मुंबईच्या पाच खेपा पडल्या. तेव्हापासून आईनं पोटमाळ्यावर पत्र्याची पेटी केलीय, आणि माझ्या सगळ्या कागदांचे फोटो भावाच्या मेलमध्येही आहेत.

अपोस्टीलबद्दल, म्हणजे कागद परदेशात खरा मानला जावा म्हणून मारायच्या सरकारी शिक्क्याबद्दल थोडं, कारण इथं पैसे उकळले जातात. भारत २००५ पासून अपोस्टीलच्या आंतरराष्ट्रीय करारात आहे. पण जर्मनीनं भारताच्या सहभागाला आक्षेप घेतलेला आहे, त्यामुळे आपला तो शिक्का जर्मन कार्यालयावर बंधनकारक ठरत नाही. एजंट जेव्हा म्हणतो, "सगळ्या कागदांचं अपोस्टील करून देतो, इतके हजार द्या," तेव्हा हे कुठल्या जर्मन कार्यालयानं आणि कोणत्या पत्रात मागितलंय ते दाखवायला सांगा. साक्षांकित प्रत आणि शपथबद्ध भाषांतरकारानं केलेलं जर्मन भाषांतर मात्र लागतंच.

एजंटाचाच विषय निघालाय तर तोही संपवते. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्याकडे १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखालचा परवाना असावा लागतो, तो सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. उमेदवाराकडून सेवाशुल्क घ्यायची मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी आहे. कुणी चार लाख मागत असेल आणि पावती देत नसेल, तर उठून घरी या. नोकरीचा करार वाचताना तीन गोष्टी शोधा: नर्सचा परवाना मिळेपर्यंतचा पगार, त्या परवान्यानंतरचा पगार, आणि मधेच सोडल्यास किती रक्कम परत द्यावी लागेल. तिन्ही आकडे लिहिलेले हवेत. तोंडी आश्वासन विमानात बसत नाही.

भाषा : इथं कंजूषपणा नको

नर्सच्या पूर्ण परवान्यासाठी सर्वसाधारणपणे जर्मनची बी-टू, म्हणजे सहापैकी चौथी, पातळी लागते, इंजिनिअरला कधी कधी इंग्रजीवर नोकरी मिळून जाते. पण नोकरी इंग्रजीत मिळाली म्हणून दवाखाना, घरमालक आणि लाईट बिल इंग्रजीत येत नाही. पुण्यात मॅक्समुल्लर भवन आहे, सांगलीत आणि ऑनलाइनही वर्ग चालतात. परीक्षेचे चार भाग असतात: वाचन, श्रवण, लेखन, संभाषण. प्रत्येकात ६० टक्के लागतात.

आपली मुलं वाचनात आणि व्याकरणात पहिली येतात, आणि ऐकण्यात अडकतात. मी बी-टू पास होऊन गेले होते, तरी पहिल्या सकाळच्या पाळीत वॉर्डमधलं निम्मं बोलणं डोक्यावरून गेलं. कारण तिकडं श्वेबिश, म्हणजे त्या भागातली बोली, बोलतात. पुस्तकातली मराठी शिकलेला माणूस जतच्या बाजारात सोडला तर त्याचं जे होईल, तेच. श्वेबिश माणूस प्रत्येक नामाला लाडानं 'ले' लावतो, घर म्हणजे 'हॉइस्ले'. आपण वाक्याच्या शेवटी 'की' लावतो तसं. ही गंमत कळली तेव्हा मला ते लोक पहिल्यांदा आपले वाटले. तर निघायच्या आधी रोज अर्धा तास स्टुटगार्टचा रेडिओ ऐका, समजलं नाही तरी ऐका.

आदरार्थी बोलणं मराठी माणसाला शिकवावं लागत नाही. 'झी' म्हणजे तुम्ही, 'डू' म्हणजे तू. समोरचा म्हणेपर्यंत 'डू'वर यायचं नाही. वॉर्डातल्या सहकारी पहिल्या दिवशीच 'डू' म्हणतील, पेशंटला मात्र कायम 'झी', मग तो वीस वर्षांचा का असेना.

बॅगेत काय

युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, खवा, तूप घरीच. ओला कढीपत्ता आणि ताजी फळंही बहुतेक चालत नाहीत. हळद, कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, भडंग, बेदाणे खुशाल न्या. डाळ-तांदूळ भरून वजन वाढवू नका, तिकडं आशियाई दुकानांत सगळं मिळतं. पाच लिटरचा कुकर आणि पोळपाट-लाटणं नेलं त्याचा मला एकदाही पश्चात्ताप झाला नाही.

दात आणि डोळे निघण्याआधी दाखवून घ्या, चष्म्याची दुसरी जोडी करून घ्या. रोजची औषधं असतील तर डॉक्टरांचं इंग्रजी पत्र बरोबर हवं. तिकडं ॲन्टिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, ओळखीचा मेडिकलवाला असला तरी.

पहिले चौदा दिवस : हा क्रम मोडू नका

घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेच्या नागरिक कार्यालयात, म्हणजे ब्युर्गरब्युरोत, जाऊन पत्त्याची नोंदणी करायची असते. तिला आनमेल्डुंग म्हणतात. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकाचं 'ही व्यक्ती माझ्याकडे राहते' असं लेखी लागतं. त्या कागदाचं नाव वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग. उच्चार जमला नाही तरी चालेल, फोनवर लिहून ठेवा आणि दाखवा. हा कागद द्यायला तयार नसलेल्या मालकाची खोली घेऊच नका, भाडं कितीही कमी असो. भेटीची वेळ ऑनलाइन घ्यावी लागते आणि मोठ्या शहरात ती लवकर मिळत नाही, म्हणून विमानाचं तिकीट काढलं की लगेच वेळही शोधायला लागा.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक टपालानं येतो. दरम्यान आरोग्य विमा कंपनी निवडून तिथं नाव घालायचं, तिचं फोटो असलेलं कार्ड टपालानं येतं. बँकेत खातं उघडलं की कार्ड एका पाकिटात आणि पिन दुसऱ्या पाकिटात, वेगवेगळ्या दिवशी, टपालानं. निवासपरवान्याच्या कार्डाच्या पिनचं पत्रही टपालानंच येतं.

आता माझी गोष्ट. मी एका फ्लॅटमधली खोली भाड्यानं घेतली होती. पेटीवर आधीच्या भाडेकरूंची दोन नावं होती. मालक म्हणाला, लावतो तुमचं नाव. मी वाट बघितली, कारण आपण मालकाच्या पेटीला हात कसा लावायचा. तीन आठवडे गेले, पाच गेले. करक्रमांकाचं पत्र परत, बँकेचं पिन परत. करक्रमांक नाही म्हणून पहिला पगार सहाव्या करवर्गानं, म्हणजे सगळ्यात जास्त कापून हातात आला. ते पैसे पुढं परत मिळाले, पण तो महिना मी ब्रेड आणि शेंगदाण्याच्या चटणीवर काढला. शेवटी वॉर्डातल्या एका मल्याळी सहकारणीनं विचारलं, "पेटीवर नाव लावलंस का?" त्या संध्याकाळी मालकाला मेसेज करून मीच कागदाची पट्टी कापून चिकटवली. उत्साहात पूर्ण नाव लिहिलं, स्वतःचं, वडिलांचं आणि आडनाव. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या आजींनी जिन्यात अडवून विचारलं, "या खोलीत तुम्ही तिघं राहता का?"

तर पहिल्या संध्याकाळी, बॅग उघडायच्या आधी, मालकाला विचारून पेटीवर आणि बेलवर आडनाव लावा. फक्त आडनाव. खोली दुसऱ्याच्या फ्लॅटमध्ये असेल तर पत्ता देताना पत्त्यात मूळ भाडेकरूचं आडनावही 'बाय' लावून द्या. बाय अमुक, म्हणजे आपलं 'द्वारा अमुक'.

घर : आधी वसतिगृह, मग बाकीचं

रुग्णालयांची स्वतःची कर्मचारी वसतिगृहं बऱ्याचदा असतात. नर्सनी पहिलं वर्ष तिथंच काढावं असं माझं ठाम मत आहे, खोली कोंदट का असेना. इंजिनिअर मंडळींनी सामायिक फ्लॅटमधली खोली शोधावी, तिला तिकडं 'वेगे' म्हणतात. ऑनलाइन जाहिरातीत "मी सध्या परदेशात आहे, अनामत पाठवा, किल्ली कुरिअरनं येईल" असं दिसलं की ती फसवणूक. घर बघितल्याशिवाय एक युरोही पाठवायचा नाही.

जाहिरातीत भाड्याचे दोन आकडे असतात. काल्टमीटे म्हणजे नुसतं भाडं. वार्ममीटे म्हणजे हीटर, पाणी, कचरा धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्यातही नसतं. हीटरचा हिशेब वर्षातून एकदा होतो आणि जास्त वापरलं असेल तर भरपाईचं पत्र येतं. पहिल्या हिवाळ्यात मी खोलीची सांगली करून ठेवली होती, त्याचं पत्र पुढच्या वर्षी आलं.

अनामत रक्कम कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या काल्टमीटेइतकी, आणि ती तीन मासिक हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. हे मालक आपणहून सांगत नाही. आणखी एक धक्का म्हणजे बऱ्याच घरांत स्वयंपाकघर नसतं. ओटा नाही, सिंक नाही, शेगडी नाही, भिंतीतून नुसते नळाचे पाइप बाहेर आलेले. आधीचा भाडेकरू उचकटून घेऊन गेलेला असतो किंवा तुम्हाला विकायला बघतो. म्हणून जाहिरातीत स्वयंपाकघर आहे का, हे आधी वाचा.

दार बाहेरून ओढलं की आपोआप बंद होतं. किल्ली आत राहिली की कुलूपवाला बोलवावा लागतो आणि रविवारी तो मागेल ते द्यावं लागतं. इमारतीची किल्ली हरवली तर येणाऱ्या खर्चासाठी हाफ्टप्फ्लिष्ट नावाचा दायित्व विमा बहुतेक जर्मन लोक काढतात. वर्षाला थोडक्या पैशांत मिळतो. किल्ल्यांचा त्यात समावेश आहे का, ते वाचून घ्या. माझी एक किल्ली विश्वासू सहकारणीकडे असते.

आणि एक पत्र येईल ज्यात दरमहा १८.३६ युरो मागितलेले असतील. सरकारी टीव्ही-रेडिओची ती वर्गणी आहे. फसवणूक समजून मी ती फाडली होती. टीव्ही नसला तरी द्यावी लागते, पण घरामागे एकच. सामायिक फ्लॅट असेल तर एकानं भरायची आणि बाकीच्यांनी त्याला वाटा द्यायचा.

पगारपत्रक

करारात असतो तो ब्रुटो, हातात येतो तो नेटो. निवृत्तिवेतन १८.६ टक्के, आरोग्य विमा १४.६ टक्के अधिक कंपनीनुसार जादा हप्ता, शिवाय बेरोजगारी आणि शुश्रूषा विमा. यातलं साधारण निम्मं नोकरी देणारा भरतो. तरी कर धरायच्या आधीच आपला पाचव्या हिश्शाहून जास्त पगार जातो. एकट्या माणसाला ३००० युरो ब्रुटो असेल तर हातात दोन हजारांच्या थोडं वर राहतात. त्याला रुपयांनी गुणून गावात सांगू नका. भाडंही युरोतच असतं, हे ऐकणाऱ्याला कळत नाही आणि पुढच्या महिन्यात कुणीतरी उसने मागतं.

लग्न झालेल्यांनी करवर्ग विचारून घ्यावा, जोडीदार तिकडं आल्यावर तो बदलता येतो. कमाई नसलेला जोडीदार आणि मुलं सरकारी विम्यात वेगळा हप्ता न भरता बसतात. निवृत्तिवेतनात जाणारे पैसे बुडीत नाहीत: १ मे २०१७ पासून लागू झालेल्या भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करारामुळे पात्रता ठरवताना दोन्हीकडची वर्षं जोडून मोजतात.

इकडचं बचत खातं विसरू नका. अनिवासी झालात की ते एनआरओमध्ये, म्हणजे अनिवासी भारतीयाच्या इकडच्या पैशांच्या खात्यात, बदलून घ्यावं लागतं, आणि तिकडून पाठवायच्या पैशांसाठी एनआरई खातं वेगळं उघडता येतं. बँकेत जाऊन हे निघण्याच्या आठवड्यातच करून टाका. मागाहून मुखत्यारपत्र आणि कुरिअर करत बसावं लागतं, आणि शाखेतला साहेब बदललेला असतो.

वॉर्डात

हे फक्त नर्ससाठी, पण मला इथं थोडं थांबायचंय.

मिरजेत पेशंटच्या खाटेभोवती माणसं असतात. आंघोळ, भरवणं, पाय चेपणं, सगळं नातेवाईक बघतात. आपण सलाईन, इंजेक्शन, औषधं, नोंदी बघतो. तिकडं खाटेजवळ कुणी नसतं. आंघोळ घालायची, दात घासायचे, कूस बदलायची, बेडपॅन द्यायचं, हे सगळं नर्सचंच काम, आणि शिरेतलं इंजेक्शन बऱ्याच ठिकाणी डॉक्टर देतो. पहिल्या महिन्यात आमच्यातल्या निम्म्या जणी रडल्या. "यासाठी बीएस्सी केलं का?" मलाही तो अपमान वाटला होता. मग एकदा एका ८६ वर्षांच्या आजोबांना आंघोळ घालताना लक्षात आलं, की माणसाच्या पाठीवरची सुरुवातीची जखम, पायाची सूज, बोलण्यातला गोंधळ सगळ्यात आधी मलाच दिसतोय. तिकडची नर्स याला निरीक्षण म्हणते आणि डॉक्टर ते ऐकून घेतो. तरी हे काम नकोच असेल, तर जायच्या आधीच विचार करा. तिकडं जाऊन कुढण्यात अर्थ नाही.

या राज्यात परदेशी नर्सच्या पदवीची तपासणी स्टुटगार्टचं विभागीय शासन कार्यालय करतं, त्याला रेगीरुंग्सप्रेझिडियुम म्हणतात. ते पत्र पाठवून कमतरता सांगतं. मग दोन वाटा: काही महिन्यांचा अनुकूलन अभ्यासक्रम, नाहीतर ज्ञानपरीक्षा. तोवर तुम्ही सहायक म्हणून काम करता आणि पगारही सहायकाचाच. मी अभ्यासक्रम घेतला. लांबतो, पण वॉर्डातली भाषा त्यातच पक्की होते.

सगळ्याच नोकऱ्यांत पहिले सहा महिने बहुधा परिविक्षेचे, म्हणजे प्रोबेशनचे, त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर कुणीही कुणाला मोकळं करू शकतं. आजारी पडलात तर पाळी सुरू व्हायच्या आधी कळवा. तीन दिवसांपेक्षा जास्त लांबलं तर डॉक्टरांचा दाखला लागतो, काही ठिकाणी तो पहिल्याच दिवशी मागतात. सुट्टीचं नियोजन आदल्या वर्षीच होतं. "आत्याच्या मुलीचं लग्न ठरलं, पुढच्या आठवड्यात जाते" हे तिकडं बोलायचीही सोय नाही. मुहूर्त काढताना घरच्यांनी मला विचारायला लागावं, एवढं मात्र मी घडवून आणलंय.

जिना, कचरा आणि कुकर

स्टुटगार्टात केअरवोखे असते. आठवडा ठरलेला, त्या आठवड्यात जिना आणि समोरची वाट झाडायची पाळी तुमची. दारावर पाटी अडकवतात, पाळी संपली की ती पुढच्या दारावर जाते. वाड्यात वाढलेल्या माणसाला हे नवं नाही, फक्त तिकडं नळावरची भांडणं नसतात. माझ्या पहिल्या पाळीत मी जिना झाडून पुसला आणि सवयीनं उंबऱ्यापाशी छोटी रांगोळी काढली. वरच्या मजल्यावरच्या त्या आजींनी आधी चष्मा लावून ती बघितली, मग बिस्किटं घेऊन आल्या. दोन वर्षांत त्यांनी मला जितकं श्वेबिश शिकवलं तितकं कुठल्या वर्गात मिळालं नसतं.

कचरा वेगवेगळा: कागद, ओला, प्लॅस्टिकची पिवळी पिशवी, उरलेला. काच रस्त्यावरच्या डब्यात, आणि तीही रविवारी टाकायची नाही, कारण आवाज होतो. प्लॅस्टिकच्या बहुतेक बाटल्यांवर २५ सेंट अनामत असते, ती दुकानातल्या मशीनमध्ये परत मिळते. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर शांतता. कुकरच्या शिट्ट्या आणि चटणीचा मिक्सर शनिवारी उरकून घ्या. छताला आतून धुराची सूचना देणारं यंत्र असतं, फोडणी जळाली की ते अख्खी इमारत उठवतं. फोडणीआधी खिडकी सताड उघडा. तसंही थंडीत दिवसातून दोन-तीनदा पाच-दहा मिनिटं खिडक्या उघडून हवा खेळती ठेवायची असते, नाहीतर भिंतीला बुरशी धरते आणि मालक अनामतीतून कापतो.

रविवारी दुकानं बंद. स्टेशनवरची आणि काही बेकऱ्या तेवढ्या चालू. पोळ्यांसाठी सुपरमार्केटमधलं ४०५ क्रमांकाचं पीठ आणू नका, तो आपला मैदा. हा आकडा जितका मोठा तितका कोंडा जास्त. १०५० चं पीठ थोडं तेल घालून भिजवलं तर पोळी बरी होते. आणि क्वार्क नावाचं पांढरं दही मिळतं, फडक्यात बांधून रात्रभर टांगलं की चक्का. पाडव्याला त्याचं श्रीखंड करते, केशर मात्र इकडून नेलेलं.

शहरातल्या प्रवासासाठी मासिक डॉइचलांडटिकेट घ्या. मे २०२३ मध्ये ते ४९ युरोला सुरू झालं, २०२५ मध्ये ५८ झालं. देशभरच्या शहर बस, ट्राम आणि प्रादेशिक गाड्यांत चालतं, वेगवान गाड्यांत नाही. ते वर्गणीचं असतं आणि बंद करायचं तर महिन्याच्या १० तारखेच्या आत सांगावं लागतं. सुट्टीवर येताना हे विसरू नका. विनातिकीट सापडलात तर ६० युरो. आपला वाहन परवाना राहायला गेल्यापासून सहा महिनेच चालतो, नंतर लेखी आणि प्रत्यक्ष परीक्षा पुन्हा.

आजारपणाचे तीन क्रमांक पाठ करा. जिवावरचं असेल तर ११२, पोलीस ११०, आणि रात्री-रविवारी डॉक्टर हवा पण अगदीच जिवावरचं नाही, तर ११६११७. एक फॅमिली डॉक्टर ठीक असतानाच ठरवून ठेवा. ताप भरल्यावर शोधायला निघालात तर "नवीन पेशंट घेत नाही" हेच ऐकाल.

नोव्हेंबर

कागदांचं सगळं जमलं तरी नोव्हेंबर येतोच. डिसेंबरात सकाळी आठला उजाडतं आणि दुपारी साडेचारला अंधार पडतो. सकाळच्या पाळीला जाताना अंधार, येताना अंधार, असे आठवडे जातात. इकडच्या वेळेशी फरक उन्हाळ्यात साडेतीन तासांचा असतो, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळ मागं गेलं की साडेचारचा होतो. एवढ्या एका तासानं घरचा फोन चुकायला लागतो. मी कामावरून येईपर्यंत आई झोपलेली. आम्ही आता रविवार सकाळ ठरवलीय: मी चहा घेते, इकडं आईची दुपारची कामं चाललेली असतात, फोन नुसता चालू असतो. बोलायचं काही नसलं तरी भांड्यांचा आवाज येतो.

आठवड्यातून एकदा माणसांत जायचंच, हा नियम करा. मराठी मंडळी गणपती, दिवाळी करतात, तिथं जा. पण फक्त तिथंच जाऊ नका. तिकडं प्रत्येक गल्लीत कसलं ना कसलं मंडळ असतं, गाण्याचं, चालण्याचं, बागेचं. मी एका गायनवृंदात आहे. आवाज बेताचा आहे, पण गुरुवारी संध्याकाळी वीस जर्मन माणसं माझं आडनाव नीट उच्चारतात. झोप उडाली, जेवण तुटलं, रडू थांबेना असं झालं तर फॅमिली डॉक्टरला सांगा. विम्यातून उपचार होतात आणि तिकडं त्याची लाज नसते.

निवासपरवाना संपायच्या कितीतरी आधी नूतनीकरणाचा अर्ज टाका, भेटीची वेळ महिनोन्‌महिने मिळत नाही. मुदतीत अर्ज केला असेल तर मधल्या काळासाठी तात्पुरतं प्रमाणपत्र मिळतं. ते हातात असताना भारतात यायचं असेल, तर परत प्रवेश करता येईल ना, एवढं त्यावरचं कलम दाखवून विचारून घ्या. आमच्यातली एक जण याच कारणासाठी भावाच्या लग्नाला येऊ शकली नाही.

आणि सुट्टीवर येताना पेटीची किल्ली कुणाकडे तरी द्या. तीन-चार आठवड्यांत पेटी गच्च भरते. माझी आजींकडे आहे. काल त्यांनी फोटो पाठवला: हीटरच्या हिशेबाचं पत्र आलंय, आणि पावसानं पेटीवरची पट्टी पुसट झाली होती, म्हणून त्यांनी स्वतःच्या अक्षरात नवी लावलीय. आडनावातलं एक अक्षर चुकलंय. गेल्यावर बदलावं लागेल.